मघाचा रांजण

हवा खराब झाली म्हणून ताप आला, असं कोणी म्हटलं की आजही माझं डोकं सणकतं. हवा बिचारी येते आणि जाते. पाऊस पडतो, थांबतो, ऊन तापतं, थंडी पडते, आणि यात कोणाचं वाईट करावं असं तिच्या मनात काही नसतं. माणसांच्या मनात असतं. आमच्या गल्लीच्या मनात होतं, ते एका कागदावर उतरलं, आणि त्या कागदावर मी सही केलेली आहे. नुसती सही नाही, सहीखाली 'विज्ञान शिक्षिका' असंही लिहिलं, वळणदार अक्षरात.

बालाघाटला मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. राज्यांची फेरवाटणी होऊन दहाएक वर्षं झाली होती. विदर्भ तिकडे मुंबईकडे गेला, आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो. माझे वडील, ज्यांना आम्ही बाबूजी म्हणायचो, कचेरीत कारकून होते. नागपूरला जाणारे कागद भोपाळला जायला लागले, तसं चाळिशी उलटलेल्या बाबूजींनी हिंदीत मसुदे लिहायला शिकून घेतलं, आणि इतकं चांगलं शिकून घेतलं की गल्लीत कोणाचाही अर्ज असो, तो आमच्याच ओसरीवर लिहिला जायचा. त्याचा त्यांना अभिमान होता. मलाही होता.

गल्ली नोकरदारांची. पुढे ओसरी, मागे अंगण, अंगणात तुळस, न्हाणी आणि पाण्याचे रांजण. गल्लीच्या मागे नाला आणि नाल्यापलीकडे वीस-पंचवीस झोपड्या. त्या वस्तीला सगळे टोला म्हणायचे. लांजीकडून, बिरशाकडून मजुरीला आलेली माणसं तिथे राहायची. आमची भांडी घासायला येणारी बाई तिथलीच. आईच्याच वयाची, लांजीजवळच्या खेड्यातली, अकरा वर्षं आमच्या घरी कामाला. माझ्या परीक्षेच्या दिवशी ती दारात आडवी यायची नाही, मी बाहेर पडेपर्यंत अंगणातच थांबायची. तिला मी मावशी म्हणायचे. म्हणायला काय जातं.

आता रांजणाचं सांगते, कारण सगळं त्या रांजणातच आहे.

आमच्याकडे मघा नक्षत्राचं पाणी धरून ठेवायची रीत होती. न पडतील मघा, तर वरती बघा, असं शेतकरी म्हणतात, कारण मघा चुकल्या की धान गेलं. आमच्या घरात शेती नव्हती, पण मघाचा मान होता. आई खैरलांजीकडची. तिच्या माहेरी अंगणात चार खांब रोवून त्यांना पांढरं धोतर चारी टोकांनी बांधायचे, मध्ये धुतलेला दगड ठेवायचे आणि खाली पितळेचं गंगाळ. कौलावरून आलेलं पाणी चालायचं नाही, थेट आभाळातलंच हवं. गंगाळ भरलं की रांजणात ओतायचं. ते पाणी वर्षभर पुरवायचं. डोळे आले, मघाचं पाणी. ताप आला, मघाच्या पाण्याची पट्टी. बाळंतिणीला, लेकराला, म्हाताऱ्याला, सगळ्यांना तेच. हे पाणी गंगेसारखं, त्यात कधी किडा पडत नाही, अशी आईची खात्री होती. आभाळाचं पाणी कोंडायचं नसतं, म्हणून रांजणावर झाकण नाही, नुसती बांबूची टोपली उपडी घातलेली. आईचं पाहून गल्लीतल्या बहुतेक घरांनी ही रीत उचलली होती. आमच्या गल्लीला आमच्या घराने दिलेली ती देणगी, असंही मी शाळेत सांगत असे.

त्या वर्षी पुष्य-आश्लेषांनी गावाला झोडपून काढलं. वैनगंगा घाटाच्या पायऱ्या चढून आली. मघा लागल्या, दोन दिवस चांगल्या कोसळल्या, घरोघरी रांजण भरले, आणि तिसऱ्या दिवशी पाऊस गेला तो गेलाच. ऊन असं पडलं की अंगणातल्या फरशीवरून वाफ निघायची. वारा नाही. वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळपर्यंत ओलं ते ओलंच. शेजारचे दादाजी, गल्लीतले सगळ्यांत वयस्क आणि कोर्टातल्या मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, रोज ओसरीवर येऊन म्हणायचे की ही हवा काही ठीक नाही. इतकं खरं बोलून त्यांनी थांबायला हवं होतं.

पोळ्याच्या आधी दोन दिवस बाबूजी तापाने पडले. पोळ्याला मी पडले. तसा ताप मला आधी कधी आला नव्हता आणि नंतरही नाही. डोळ्यांच्या मागे कोणी अंगठे दाबून धरल्यासारखं दुखायचं. कूस बदलायची म्हटली तरी हाडं मोडतील असं वाटायचं. लोक त्याला हाडमोड्या ताप म्हणायचे. पाचव्या-सहाव्या दिवशी ताप उतरला आणि अंगभर लाल पुरळ आलं. आई उशाशी बसून मघाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती, डोळ्यांना तेच पाणी लावत होती. त्या जागून थकलेल्या बाईचा हात आठवला की राग धरवत नाही, पण धरायला तर हवा. आठवडाभरात गल्लीतल्या बहुतेक घरांत एक तरी माणूस खाटेवर होतं.

मलेरियावाले आले. ते दरवर्षी भिंतींवर पांढरी फवारणी करायचे, दारावर गेरूने तारीख लिहायचे आणि नाल्यात तेल ओतायचे. त्यांनी आमच्या बोटांना सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचे थेंब घेतले. पुढच्या फेरीला आले तेव्हा त्यांच्यातला एक जण बाबूजींना दिलासा द्यावा तसं म्हणाला, "बाबूजी, ये हमारे वाला बुखार नहीं है."

म्हणजे त्यांच्या वहीत हा ताप नव्हताच. मलेरिया नाही ना, मग झालं. माझी हाडं मोडत होता तो ताप मग कोणाचा, हे विचारायचं त्राण माझ्यात नव्हतं. त्यांनी जाता जाता नाल्यात आणखी तेल ओतलं. रांजणांकडे कोणी पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर आईने हात लावू दिला नसता ते वेगळं.

या तापाला डेंगू म्हणतात आणि त्याचा डास वेगळा असतो, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा मला एकच धडा येत होता, जो मी दरवर्षी सहावीला शिकवायची: डास घाणीत होतात.

दादाजींच्या ओसरीवर बैठक झाली. तापाचं मूळ शोधायला ती भरली होती, पण मूळ आधीच ठरलेलं होतं. नाल्यापलीकडचा टोला. तिथे घाण, तिथे डुकरं, तिथून येणाऱ्या कामवाल्या बाया घरोघर फिरतात, त्यांच्यामागून ताप फिरतो. आमची मावशीही तेव्हा तापाने पडलेली होती, तिचं उदाहरण लगेच पुरावा म्हणून पुढे आलं. दोन गोष्टी ठरल्या. टोल्यातल्या बायांना कामावरून बंद करायचं, आणि टोला तिथून उठवावा म्हणून अर्ज द्यायचा. मसुदा अर्थात बाबूजींचा. अंगात अशक्तपणा होता, तरी अक्षर मोत्यासारखं.

मसुदा वाचून दादाजी म्हणाले की यात शास्त्राचं काही हवं. मग बाबूजींनी घरी येऊन मला विचारलं. मी खाटेवर पडल्या पडल्या, न विचार करता, पुस्तकातलं वाक्य हिंदीत सांगितलं: मच्छर गंदगी में पैदा होते हैं. ते वाक्य अर्जात गेलं. त्याच्याखाली माझी सही गेली. त्या दिवशी मला आपण गावाच्या कामी आलो असं वाटलं होतं, हे लिहिताना मला माझीच शिसारी येते आहे.

चार दिवसांनी मावशी आली. चेहऱ्यावर, हातांवर पुरळाचे डाग, चालताना भिंतीचा आधार. तिला कामावर यायचं होतं. आईने तिला अंगणाच्या दाराबाहेरच थांबवलं आणि गल्लीने असं असं ठरवलंय म्हणून सांगितलं. आईला वाईट वाटत होतं, पण गल्लीच्या बाहेर जायची तिची छाती नव्हती. मावशी भांडली नाही. तिने माझ्याकडे पाहून एवढंच सांगितलं.

"ताई, आमच्या टोल्यात कोनालेच ताप नाई. मलेच आला. अन् मी तं दिवसभर तुमच्याच घरी राह्यते."

मला तिचा रागच आला. शिकलेल्या माणसाला अडाणी माणसाने हिशेब दाखवला की येतो तसा राग. पण ती गेल्यावर ते वाक्य माझ्या मागे लागलं. टोल्यात ताप नाही. गल्लीत घरोघर ताप. टोल्यातल्या एकाच बाईला ताप. बाकीच्या बाया एका घरात घटकाभरच टेकतात, ही मात्र सकाळपासून आमच्या अंगणात, रांजणाशेजारच्या दगडावर बसून भांडी घासते. बसल्या बसल्या पायांवर चापट्या मारते, हेही मी अनेकदा पाहिलं होतं. मला वाटायचं, सवय असेल.

मी उठले आणि रांजणावरची टोपली बाजूला केली. खालून चार-सहा डास उठले, भर उन्हात, आणि माझ्या हातावरच बसायला लागले. पायांवर पांढरे पट्टे असलेले. पाणी स्वच्छ होतं, इतकं स्वच्छ की रांजणाचं बूड दिसत होतं. त्या स्वच्छ पाण्यात अळ्या वळवळत होत्या. माझी सावली पडली तशा सगळ्या खाली गेल्या, आणि थोड्या वेळाने पुन्हा वर आल्या.

आईला बोलावून दाखवलं. तिने वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, "मघाच्या पान्यात किडे पडत नाईत. तुले अजून ताप आहे."

मी त्यातलं पाणी काचेच्या बरणीत घेतलं, तोंडाला मलमल बांधली आणि बरणी शाळेत वर्गाच्या खिडकीत ठेवली. आठवड्याच्या आत तिच्यात डास झाले, तेच पांढऱ्या पट्ट्यांचे. दुसऱ्या बरणीत मी नाल्याचं पाणी ठेवलं होतं, त्यातून निघालेले डास वेगळे, मळकट, बिनपट्ट्यांचे. मग मला पावसाचंही कळलं. झड लागलेली असते तेव्हा उघड्यावर जे काही पाणी साचतं ते वाहतं राहतं, डबकं टिकत नाही. पाऊस थांबून ऊन पडलं, हवा कोंदली, की धरून ठेवलेलं पाणी कोमट होतं आणि आठ-दहा दिवसांत डास तयार. म्हणून ताप मघा उघडल्यावर आला. टोल्यात कोणाकडे रांजणच नव्हते. दोन मडकी, एक घमेलं. सकाळी नळावरून भरायचं, रात्रीपर्यंत संपवायचं. अळीला वाढायला तिथे पाणी राहतच नव्हतं. साठवायची ऐपत नव्हती म्हणून टोला वाचला, आणि वाचला तोच गुन्हेगार ठरला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

दोन्ही बरण्या घेऊन मी बाबूजींसमोर आणि दादाजींसमोर गेले. दादाजींनी चष्मा लावून बरण्या पाहिल्या आणि म्हणाले की मघाचं पाणी चुकून बाटलं असेल, कामवालीचा हात लागला असेल. या माणसाने उभा जन्म न्यायनिवाडे करण्यात घालवला होता. मी काहीतरी उद्धट बोलले, काय ते आठवत नाही, बाबूजींनी मला गप्प केलं.

घरी आल्यावर मी बाबूजींना म्हटलं की अर्ज परत घ्या, निदान माझं नाव तरी काढा. त्यांना माझी कीव आली.

"कागद गेला, बेटा," ते म्हणाले. "गेलेला कागद परत येत नाही."

मग मी स्वतः दुसरा अर्ज लिहिला. माझ्या हिंदीत, चुका होत्या, पण स्पष्ट लिहिलं की ताप टोल्यातून नाही, आमच्या गल्लीतल्या रांजणांतून आहे, मागचं वाक्य चुकीचं होतं, रांजण रिकामे करायला सांगा. तो कचेरीत नेऊन दिला. महिन्याभराने बाबूजींनी मान खाली घालून मला सांगितलं की माझा अर्ज पहिल्याच कागदाला जोडला गेला. वर शेरा पडला: त्याच गल्लीतून तापाबद्दल दुसरी तक्रार, तातडीने कारवाई व्हावी. आत काय लिहिलंय ते कोणी वाचलं नव्हतं. एका विषयावर दोन कागद झाले की फाईल लवकर हलते, हे बाबूजींना माहीत होतं, मला नव्हतं. टोला उठवायला जे घोडं अडलं होतं ते मीच पुढे ढकललं.

दिवाळीनंतर थंडी पडली. डास आपोआप कमी झाले, ताप गेला. थंडीनेच गेला. आणि थंडीतच एका सकाळी टोला उठवला. मी शाळेत निघाले होते. माणसं आपापल्या झोपडीचे बांबू स्वतःच सोडवत होती, कारण मोडून टाकले तर पुन्हा कुठून आणणार. मावशी दोरी गुंडाळत होती. मला पाहून तिने नेहमीसारखी मान हलवली. मी थांबले नाही. पहिला तास होता, असं मी स्वतःला सांगितलं. त्यांना नदीपलीकडे, गावापासून लांब जागा दाखवली. तिथून आमच्या गल्लीत कामाला येणं शक्य नव्हतं. दादाजी ओसरीवरून म्हणाले की बघा, टोला गेला आणि ताप गेला.

पुढच्या वर्षी मघा पुन्हा पडल्या. आईने पुन्हा चार खांब रोवले. माझ्याशी तिचं यावर एक अक्षरही बोलणं झालं नव्हतं. फक्त या वेळी तिने रांजणावर टोपली ठेवली नाही. जुन्या लुगड्याची चौपदरी घडी घालून तोंड सुतळीने इतकं घट्ट बांधलं की सोडताना सुरी लागावी. आमच्या घरी त्या वर्षी कोणी पडलं नाही. बाकीच्या घरांत टोपल्याच होत्या. पाऊस थांबला, ऊन पडलं, आणि मोजून तितक्याच दिवसांनी दादाजींच्या सुनेला ताप आला, मग पलीकडच्या घरात, मग त्याच्या पलीकडे. नाल्यापलीकडे आता कोणी नव्हतं, नुसतं गवत. दादाजी ओसरीवर बसून म्हणाले, हवाच खराब आहे. मी समोरून चालले होते. मी थांबून त्यांना सांगितलं की हवेला काही लाज नसते म्हणून तिच्यावर ढकलता येतं, तुम्हाला तरी थोडी असू द्या. त्यानंतर त्या घराने आमच्याशी बोलणं सोडलं. त्याचं मला दुःख नाही.

मावशी मला त्यानंतरच्या हिवाळ्यात आठवडी बाजारात भेटली. ती पळसाच्या पत्रावळी विकायला बसली होती. वाळली होती. तिने आधी आईची तब्येत विचारली, मग बाबूजींची. मग अगदी सहज, घरच्या माणसाने विचारावं तसं म्हणाली, "ताई, आमी गेलो तं तुमच्या गल्लीतला ताप गेला ना आता?"

तिला खरंच तसं वाटत होतं. स्वतःचा हिशेब बाजूला ठेवून, मी शिकलेली, मी लिहून दिलं, म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं तिने वर्षभर धरून ठेवलं होतं. मी 'हौ, गेला' म्हणून पुढे गेले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण मागे एकदा तिच्यासमोरून न थांबता गेले होते, पुन्हा जाववेना. मी तिच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं की नाही गेला. ताप टोल्यात नव्हताच. तो आमच्याच रांजणात होता, मघाच्या पाण्यात. तुम्हालाही तो आमच्या अंगणातच लागला.

ती हातातली पत्रावळ टोचत होती. तो काडीचा टाका तिने पुरा केला, पत्रावळ बाकीच्यांवर नीट ठेवली आणि मग माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"मंग आमाले काहून उठवलं?"

सहावीच्या वर्गात मी नंतर सत्तावीस वर्षं डासाचा धडा शिकवला, आणि दरवर्षी 'डास घाणीत होतात' हे वाक्य फळ्यावर लिहून खोडलं. मुली पुष्कळ प्रश्न विचारायच्या. मला उत्तर आलं नाही असा प्रश्न त्यांच्यापैकी कोणी विचारला नाही.